पेरीनबाईंची दुभाषी

आमच्या पोर्लान बंदरात सगळ्यांत चांगलं फ्रेंच कोरांतीन ल मोआलचं होतं, आणि त्याचं श्रेय शाळेला नव्हतं, तिच्या रागाला होतं. कुणी पोटासाठी भाषा शिकतं, कुणी हौसेसाठी. कोरांतीन शिकली ती पेरीन केरवेलाचं नाक ठेचायला. कोरांतीन वारली तेव्हा पाद्रीबाबांनी तिच्या कष्टाळूपणाबद्दल आणि भाविकपणाबद्दल बरंच सांगितलं. खरं ते कुणीच बोललं नाही, म्हणून मी सांगतो.

आम्ही सगळे ब्रेतॉन बोलणारे, ती फ्रान्सच्या या पश्चिम टोकाची जुनी भाषा, फ्रेंचहून अगदी वेगळी. घरात, होडीवर, चर्चमध्ये, भांडणात, लाडात ब्रेतॉनच. फ्रेंच फक्त शाळेच्या फाटकाच्या आत. आणि तिथं ब्रेतॉनचा एक शब्द जरी तोंडातून निसटला तरी बाई गळ्यात लाकडी जोडा अडकवायच्या. एका पायाचा, चिरलेला, दोरी ओवलेला. तो उतरवायचा एकच उपाय होता. दुसऱ्या कुणाला तरी ब्रेतॉन बोलताना पकडायचं, हात वर करून बाईंना सांगायचं आणि जोडा त्याच्या गळ्यात टाकायचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात जोडा, त्यानं संडास धुवायचे. त्यामुळे पोरंच पोरांवर पाळत ठेवायची आणि बाई खुर्चीत निवांत बसायच्या. ज्यानं कुणी ही युक्ती काढली त्याला मुलांची पारख चांगली असणार. माया मात्र नावालाही नसणार.

कोरांतीन आणि पेरीन एका बाकावर बसायच्या. एकीच्या पावाला दुसरीचं लोणी. दोघी हुशार, आणि दोघींना शाळेच्या शेवटच्या परीक्षेला तालुक्याला न्यायचं बाईंनी ठरवलेलं. त्या परीक्षेचा दाखला हातात पडला की टपाल कचेरी होती, शिक्षिका होण्याची शाळा होती. नाही पडला तर सार्डिन मासळी डब्यात भरायचा कारखाना होता. बाईंनी बजावलं होतं, "परीक्षेच्या आदल्या दिवशी जिच्या गळ्यात जोडा दिसेल, तिला मी नेणार नाही. तिथं जाऊन माझी अब्रू घालवायला मला कुणी नको."

त्या दिवशी जोडा पेरीनच्या गळ्यात होता. दुपारी बोट दारात चेमटलं आणि तिच्या तोंडून आईचं नाव निघालं, ब्रेतॉनमध्ये. मग सगळी दुपार ती सावज शोधत फिरली, पण त्या दिवशी सगळ्यांची तोंडं शिवलेली. शाळा सुटायला थोडा वेळ राहिला तेव्हा ती भिंतीपाशी उभ्या असलेल्या कोरांतीनजवळ आली आणि स्वच्छ फ्रेंचमध्ये, हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या बाबांची होडी खडकावर फुटली. माझी आई आत्ता फाटकाशी सांगून गेली. कुणीही वाचलं नाही."

"बाबा!" कोरांतीन किंचाळली. ब्रेतॉनमध्ये. दुसऱ्या कुठल्या भाषेत किंचाळणार?

पेरीननं हात वर केला.

कोरांतीन गळ्यात जोडा घेऊन तशीच धक्क्याकडे धावली, तर बाप उलट्या पिंपावर बसून जाळं शिवत होता. "काय गं, गळ्यात काय घातलंयस?" त्यानं विचारलं. ती रडतरडत सगळं सांगत गेली. त्यानं दातांनी दोरा तोडला आणि म्हणाला, "हात्तिच्या. मी काही मेलो नाही ना? मग रडतेस कशाला? तसंही कारखान्यात हात कमीच पडताहेत."

पेरीन तालुक्याला गेली, पहिली आली. कोरांतीन कारखान्यात गेली.

तिथं होड्या आल्या की घंटा व्हायची आणि बायका ॲप्रनच्या गाठी मारत पळायच्या. मासळी कुणासाठी थांबत नाही. डोकं उडवायचं, आतडं ओढायचं, मिठात टाकायचं, तळलेली डब्यात रचायची, एकीचं डोक्याकडचं टोक दुसरीच्या शेपटीला. झोप येऊ नये म्हणून बायका भजनं म्हणायच्या. कोरांतीनचे ओठ हलायचे, पण ती भजन म्हणत नव्हती. शेजारची म्हणायची, "बघा, आमची कोरांतीन संत होणार एक दिवस. सारखी जपमाळ." ती जपमाळ अशी होती: मी फसते, तू फसवतेस, ती फसवते. मी फसले, तू फसवलंस, तिनं फसवलं. मी हसेन, तू रडशील, ती रडेल. कोरांतीननं फ्रेंच क्रियापदं पाठ केली ती ही अशी, आणि भविष्यकाळ तिला सगळ्यांत आधी आला. तिचा सगळा जीवच तिथं अडकला होता. "जर-तर"वाली रूपं ती टाळायची. तिला जर नको होतं, तर नको होतं.

शब्द ती मिळेल तिथून उचलायची. लोण्याच्या वेष्टणावरून, डब्यांच्या लेबलांवरून, मासळी गुंडाळलेल्या ओल्या वर्तमानपत्रावरून, पुढं रेडिओवरून. लिंगांनी तिला फार छळलं. आमच्या बोलीत समुद्र तो आणि होडी ती. फ्रेंचमध्ये नेमकं उलटं, समुद्र बाई आणि होडी बुवा. बापाला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. "पॅरिसवाल्यांनी कधी समुद्र पाहिलाय का? बाई असता तर एवढा गप्प बसला असता?" कोरांतीनची आई तिथंच होती. तिनं त्याला रात्रीची भाकर उशिरा वाढली. पण कोरांतीननं तेही घोकलं. राग असला की माणूस काहीही घोकतो. तिचा राग एका मेणबत्तीवर दुसरी लावावी तसा वर्षानुवर्षं तेवत राहिला.

काही वर्षांनी पेरीन गावात परत आली, आमच्याच शाळेत बाई होऊन. डोक्यावर आमच्या बायकांची पांढरी टोपी नव्हती, शहरी हॅट होती. चार लोकांत कोरांतीन दिसली की ती मान हलवायची, परक्या माणसाला हलवतात तशी. आणि शाळेत तिनं काय करावं? तोच जोडा. तीच दोरी. जिनं त्या जोड्यापायी मैत्रीण विकली, तिनं तो आणखी पाव शतक पोरांच्या गळ्यात घातला. आज गावातल्या साठीच्या बायकांना विचारा. बेकरीवाली जोझेफीन अजून सांगते, "मी संडास धुतेय आणि ही दारात उभी राहून मला चुकलेलं रूप दहा वेळा म्हणायला लावतेय. नाकात वास, तोंडात व्याकरण."

कस्टमच्या माणसाशी पेरीनचं लग्न झालं, मुलगी झाली. मुलीचं नाव सोलांज ठेवलं, आमच्यातलं एकही नाव तिला चालणार नव्हतं. त्या पोरीच्या कानावर ब्रेतॉन पडू नये म्हणून घरात मोलकरीणसुद्धा बाहेरची ठेवली. पोर मोठी झाली आणि नांत शहरात गेली. नवरा वारला. टेकडीवरच्या घरात पेरीनबाई एकटी राहिली, आणि मग एका हिवाळ्यात तिला झटका आला.

अंगाची उजवी बाजू गेली. आणि तिच्या तोंडातलं फ्रेंच गेलं. सगळंच्या सगळं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नंतर शिकलेलं आधी जातं. उरली ती ब्रेतॉन, लहानपणीची, गोठ्यातली. सोलांज नांतहून धावत आली. आई दिवसभर तिच्याशी बोलतेय आणि तिला एक शब्द कळत नाहीये. रोज येणारी नर्स दुसऱ्या भागातली, पाद्रीबाबा त्याहून लांबचे. गावात ब्रेतॉन येणाऱ्या बायका डझनांनी होत्या. पण टेकडी चढायला एकही तयार नव्हती.

"भोग म्हणावं आता," जोझेफीन बेकरीत गिऱ्हाईकांसमोर म्हणाली. "पाणी हवंय? नीट फ्रेंचमध्ये माग म्हणावं."

कोरांतीन पाव घ्यायला उभी होती. आयुष्यभर जे भविष्यकाळात घोकलं ते वर्तमानात यायला लागलं होतं.

दुसऱ्याच दिवशी सोलांज तिच्या दारात उभी राहिली, हातात नांतचा केक. चाळिशी उलटलेली बाई, पण डोळे रडून लहान मुलीसारखे झालेले. "कोरांतीनबाई, आईच्या बोलण्यात तुमचं नाव सारखं येतं. तुम्ही शाळेत एका बाकावर होतात ना? लोक म्हणतात तुमचं फ्रेंच फार छान आहे. माझ्यासाठी एवढं करा. ती काय म्हणते ते मला सांगा. तिनं जन्मात मला एक गोड शब्द दिला नाही. सगळं नियम, सगळं शुद्धलेखन. आता ती काहीतरी सांगतेय आणि मला कळत नाहीये."

"येते की," कोरांतीन म्हणाली. तिनं पांढऱ्या टोपीला कडक खळ दिली, सणाला देतात तशी.

पेरीन उशांवर टेकून बसली होती. तोंड एका बाजूला ओघळलेलं. कोरांतीनला पाहिलं आणि तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. सोलांज कॉफी करायला आत गेली. पेरीन ब्रेतॉनमध्ये म्हणाली, "आलीस गं, कोरांतीन. आलीस."

कोरांतीननं खुर्ची जवळ ओढली आणि शुद्ध फ्रेंचमध्ये, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "इथं ब्रेतॉन बोलायला मनाई आहे."

पेरीनचा चेहरा बघून तिच्या लक्षात आलं, हिला फ्रेंच कळतंय. तोंडातून गेलंय, कानातून नाही. कोरांतीनला त्या क्षणी केवढा आनंद झाला म्हणून सांगू. एवढा आनंद तिला लग्नात झाला नव्हता, पहिल्या मुलाच्या वेळीही नाही. हिला सगळं कळणार होतं आणि हिला काही म्हणता येणार नव्हतं.

सोलांज कॉफी घेऊन आली. पेरीननं डावा हात लेकीच्या गालाकडे नेला आणि बोलायला लागली. "ये गं माझ्या काळजाच्या तुकड्या. माझ्या पाखरा. बस माझ्यापाशी. किती कोरडी वागले मी तुझ्याशी."

सोलांजनं श्वास रोखून कोरांतीनकडे पाहिलं. "काय म्हणते?"

"म्हणते, खिडकी लाव. वारा लागतो."

सोलांज उठली आणि खिडकी लावून आली. पेरीन कोरांतीनकडे बघत राहिली. कोरांतीननं कॉफीत साखर घातली, ढवळली, प्यायली. कॉफी फार छान झाली होती.

मग ती रोज जायला लागली. गाव म्हणालं, केवढं मोठं मन, शत्रूची सेवा करतेय. पाद्रीबाबांनी प्रवचनात तिचं उदाहरण दिलं आणि तिनं मान खाली घालून ते घेतलं. टेकडीवर पेरीन म्हणायची, "तू झालीस तेव्हा रात्रभर तुला छातीवर घेऊन मी ब्रेतॉनमध्ये अंगाई म्हटली. सकाळी म्हटलं, आता पुरे." कोरांतीन सांगायची, "म्हणते, सूप खारट झालंय." पेरीन म्हणायची, "तुझ्यासारखी लेक मिळायला मी काय केलं होतं?" कोरांतीन सांगायची, "म्हणते, हा स्कर्ट तुझ्या वयाला शोभत नाही." सोलांज बिचारी सूप बदलायची, स्कर्ट बदलायची. एकदा तर ती बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडली. "शेवटपर्यंत माझ्यात खोटच काढायची का हिनं?"

पेरीनला बाहेरचं रडणं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "कोरांतीन, मला मार. माझ्या तोंडावर थुंक. मी तेव्हा खोटं बोलले, मला ठाऊक आहे, एकही दिवस विसरले नाही. पण तिनं तुझं काय वाकडं केलंय? एकच सांग तिला. मी तिच्यावर जीव टाकला. एवढंच सांग. मग मी मरते."

कोरांतीनच्या हातात लोकर होती. सुया थांबल्या. तिनं खरंच विचार केला, एक क्षणभर. मग तिला मिठानं फाटलेली आपली बोटं आठवली, सार्डिनचा तो वास आठवला जो रविवारीसुद्धा केसांतून जात नसे, आणि टपाल कचेरीची ती काच आठवली जिच्या पलीकडे ती बसली असती. सोलांज डोळे पुसत आत आली. "काय म्हणत होती आता?"

"म्हणते, दमलेय. झोपू द्या मला."

त्यानंतर पेरीननं कोरांतीनकडून तोंड फिरवलं. ती कोरांतीनशी एक शब्द बोलली नाही. लेकीशी मात्र बोलत राहिली, तेच तेच, पुन्हा पुन्हा, दुभाषीकडे न बघता. सात-आठ दिवसांनी सकाळी गेली.

पुरलं, सगळ्यांनी केक खाल्ला, कॉफी प्यायली. जोझेफीनसुद्धा आली होती, मेल्यावर काय राग धरायचा म्हणून. कोरांतीन घरी आली आणि खुर्चीत बसली. तिला वाटलं होतं आता मोकळं वाटेल. पण कुणाकडे बघून हसणार? ज्या माणसावर सूड उगवायचा ते माणूसच आता नव्हतं. उरलं होतं ते फक्त एका रडक्या बाईशी बोललेलं खोटं, आणि त्या बाईशी तर तिचं काही वैर नव्हतंच. कोरांतीन चिडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला कळेना की चिडायचं कुणावर.

काही दिवसांनी सोलांजचा निरोप आला, येऊन जा म्हणून. घर आवरलेलं होतं, सामान बांधलेलं होतं. आईच्या पलंगापाशी दोन खुर्च्या मांडलेल्या. सोलांजनं तिला बसायला सांगितलं आणि म्हणाली, "कोरांतीनबाई, एक विचारते. मला भाषा येत नाही, पण मला कान आहेत. शेवटच्या दिवसांत ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायची. मी ती पाठ केली. ऐका."

आणि तिनं म्हणून दाखवलं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही, हेलासकट, मधल्या दमासकट. खोलीत पेरीन बोलत होती.

"हे खिडकीबद्दल आहे का?" सोलांजनं विचारलं. "कारण खिडकी मी कधीचीच लावली होती. आणि ती खिडकीकडे बघून बोलत नव्हती, माझ्याकडे बघून बोलत होती."

कोरांतीनच्या जिभेवर उत्तर तयार होतं. उशी, सूप, वारा, काहीही चाललं असतं. या बाईला कधीच कळलं नसतं. तिनं तोंड उघडलं आणि उत्तर बाहेर येईना. कुणासाठी आणायचं?

"खिडकीबद्दल ती कधीच बोलली नाही," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. खोटं सांगायचं तर खरं आधी नीट ऐकावं लागतं, त्यामुळे तिला पेरीनचं प्रत्येक वाक्य लख्ख आठवत होतं. काळजाचा तुकडा सांगितला, पाखरू सांगितलं, अंगाई सांगितली, जीव टाकल्याचं सांगितलं. कशाच्या जागी आपण काय म्हटलं तेही सांगितलं. आणि का, तेही. होडीचं, जोड्याचं, सगळं. माफी मात्र मागितली नाही. मागता आली असती, शब्द येत होते.

सोलांज आता ओरडेल, हाकलून देईल, गावभर सांगेल, कोरांतीन सगळ्याला तयार होती. त्यानं तिला बरंच वाटलं असतं.

"ती गेली तेव्हा मला वाटत होतं की माझा स्कर्ट तिला आवडला नाही," सोलांज म्हणाली. मग उठली. बांधलेल्या पेटीची दोरी सोडली आणि आतले कपडे पुन्हा कपाटात ठेवायला लागली. "मी आता नांतला जात नाही. इथंच राहणार आहे. उद्या दुपारी याच वेळेला या."

"कशाला?"

"ती जे म्हणाली ते परत म्हणायला. आधी तिच्या भाषेत, मग माझ्या. त्या खुर्चीत बसून, माझ्याकडे बघून. उद्या या, परवा या. तुम्ही जितक्या वेळा मला फसवलंत तितक्या वेळा नाही. मी पुरे म्हणेपर्यंत."

कोरांतीन गेली. पुढं ती मरेपर्यंत आम्ही तिला रोज दुपारी टेकडी चढताना बघत होतो, पायांत गोळे यायचे तरी, पावसात तरी. सोलांज कधीच पुरे म्हणाली नाही. टेकडीवरच्या खोलीत कोरांतीन आपल्या वैरिणीच्या लेकीच्या डोळ्यांत बघून म्हणायची, ये गं माझ्या काळजाच्या तुकड्या, आणि ते तिनं एवढ्या वेळा म्हटलं की शेवटी शेवटी तिचा आवाज कापायला लागला होता. तिच्या स्वतःच्या पोरांना तिनं असं कधी म्हटल्याचं कुणाला आठवत नाही.